दिव्याला खळे पडते तेव्हा

प्रश्न : माझे वय 51 आहे. मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे. गेल्या सहा-सात महिन्यांपासून मला मधूनमधून अंधुक दिसते. दिवसभर खतावणीतले आकडे स्वच्छ दिसतात. पण संध्याकाळी, विशेषतः दिवा मालवून टीव्ही पाहताना किंवा देवळात कीर्तनाला बसले असताना, डोळ्यांपुढे धूर पसरल्यासारखे होते आणि अर्ध्या-पाऊण तासाने, कधी दीड तासाने, ते आपोआप जाते. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर तपासला, दोनदा काचा बदलल्या. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. सकाळी अकरा वाजता त्यांनी तपासले आणि नजर 6/6 आहे, हवेच्या झोताच्या यंत्रावर डोळ्यांचा दाबही ठीक आहे, असे सांगितले. साखर, रक्तदाब, मेंदूचा एमआरआय, सगळे नॉर्मल आले. शेवटी एका डॉक्टरांनी ‘वय आणि टेन्शन’ असे म्हणून रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली. मुलगा म्हणतो, मोबाइल कमी कर. चष्मा मला लहानपणापासून आहे, लांबचाच प्लस नंबर. अंधुक दिसते तेव्हा डावी भुवई जड होते, एकदा उलटीही झाली. पित्त समजून गोळी घेतली, झोपले आणि सकाळी सगळे ठीक. त्या वेळी रस्त्यावरच्या दिव्याला चंद्राला पडते तसे खळे दिसते. माझ्या मावशीचे डोळे साठीच्या आत गेले. नवरा गेल्यावर फार रडल्यामुळे गेले, असे घरात म्हणतात. मला खरोखरच काही झाले आहे, की हे माझ्या मनाचे खेळ आहेत?
(नाव व गाव विनंतीवरून वगळले आहे. जिल्हा सातारा.)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वेळी शेवटाकडून वाचायला सुरुवात केली. प्लस नंबर, जड झालेली भुवई, उलटी, दिव्याला पडणारे खळे आणि मावशी या पाच गोष्टी तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता सांगाव्यात तशा लिहिल्या आहेत. कोणत्याही डॉक्टरांनी त्या विचारल्या नसाव्यात आणि तुम्हालाही त्या सांगण्याजोग्या वाटल्या नसाव्यात. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. परंतु या पाच गोष्टी एकत्र आल्यावर कोणती तपासणी राहून गेली आहे, हे मात्र सांगता येते. ती तपासणी तुम्ही याच आठवड्यात करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी त्या 6/6 विषयी थोडे सांगतो, कारण तुमची सगळी घालमेल तिथूनच सुरू झालेली दिसते. तुम्ही वाचलेला अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी 1862 मध्ये तयार केलेल्या तक्त्याच्याच घराण्यातला आहे. निरोगी नजरेला 6 मीटरवरून जी ओळ वाचता येते ती तुम्हालाही तेवढ्याच अंतरावरून वाचता आली, एवढाच 6/6 चा अर्थ. पांढऱ्याशुभ्र पाटीवरची काळी अक्षरे, भरपूर उजेड आणि नजरेच्या मध्यभागाचा तेवढा इवलासा तुकडा, एवढ्यावर ही परीक्षा होते. नजरेची कड कशी आहे, रंग फिके दिसतात का, डोळ्याच्या आतल्या पाण्याचा निचरा नीट होतो का, आणि मुख्य म्हणजे काल रात्री साडेआठ वाजता काय झाले होते, यांतले काहीही तो तक्ता सांगत नाही. ओढ्याला रात्री पूर येऊन गेला आणि सकाळी अकरा वाजता कोणी काठीने खोली मोजली, तर पाणी घोट्याएवढेच भरणार. मोजणाऱ्याची चूक नाही, पण गावकरी खोटे बोलत होते असेही त्यावरून ठरत नाही.

आता मला जी शंका येते ती सविस्तर सांगतो. डोळ्याच्या आत, बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे, सतत थोडे थोडे स्वच्छ पाणी तयार होत असते. ते बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येते आणि तिथे रंगीत पडदा व डोळ्याच्या पुढचे पारदर्शक पटल जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून निचरून जाते. प्लस नंबरचा डोळा बहुधा आकाराने लहान असतो, म्हणून हा कोन मुळातच अरुंद असतो. त्यातच वयाबरोबर डोळ्यातले भिंग जाड होत जाते आणि पडद्याला मागून पुढे रेटते. अशा डोळ्यात, मंद उजेडात बाहुली अर्धवट मोठी झाली की पडद्याची कड कोनात गोळा होते आणि मोरीच्या जाळीवर फडके बसावे तसा निचरा थांबतो. पाणी तयार होणे मात्र थांबत नाही. एरवी पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरच्या दरम्यान असणारा दाब अशा वेळी दुपटीने, तिपटीनेही वाढू शकतो, पारदर्शक पटलात पाणी भरते आणि समोरचे सगळे धुरकट होते. पाणी भरलेल्या त्या पटलातून दिव्याकडे पाहिले की रंगीत वलय दिसते. तुम्ही त्याला खळे म्हटले आहे, आणि याहून नेमका शब्द मला सुचत नाही. पुढे झोप लागली की बाहुली आपोआप बारीक होते, पडद्याची कड कोनातून मागे ओढली जाते, दाब उतरतो आणि सकाळी तुम्हाला वाटते की पित्ताच्या गोळीने गुण आला.

या विकाराला कोन बंद होण्याचा काचबिंदू म्हणतात. पन्नाशीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या स्त्रियांत, तसेच आपल्या आशियाई लोकांत तो अधिक आढळतो. सामान्य काचबिंदूत न दुखता, न खुपता नजर कडेने झिजत जाते. यात मात्र काहींना सुरुवातीला असे छोटे छोटे झटके येतात आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात डोळ्याचा दाब, नजर, अगदी डोळ्याची नसही निर्दोष आढळू शकते. त्यामुळे तुमच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येणे माझ्या शंकेच्या विरोधात जात नाही. मेंदूच्या एमआरआयमध्ये हा कोन दिसत नाही. तो पाहण्याची खास तपासणी आहे, तिचे नाव गोनिओस्कोपी. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकून छोट्या आरशांचे भिंग दोन-तीन मिनिटे डोळ्यावर टेकवतात आणि त्या आरशातून कोन उघडा आहे की मिटलेला, हे डॉक्टर स्वतः पाहतात. ती दुखत नाही आणि तिला महागडे यंत्रही लागत नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती राहून जाते याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते, की ती करायला तज्ज्ञाची स्वतःची पाच मिनिटे लागतात.

मावशीविषयी सांगायचे तर रडल्याने कोणाचे डोळे जात नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी घरांत अशी एखादी आत्या किंवा मावशी असते, जिचे डोळे दुःखाने गेले असे सांगितले जाते, आणि त्या सांगण्यामागे न ओळखलेला काचबिंदू असण्याची शक्यता पुष्कळ असते. मावशींना नक्की काय झाले होते हे आता कळणार नाही, पण डॉक्टरांना ही हकिकत अवश्य सांगावी, कारण हा विकार घराण्यात उतरतो. तुम्हाला सख्खी बहीण असेल आणि तिलाही प्लस नंबर असेल, तर तिला बरोबरच घेऊन जा.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टींची खबरदारी घ्या. पहिली अशी, की डोळ्याच्या आतला मागचा पडदा तपासण्यासाठी बाहुली मोठी करणारे औषध घालतात. कोन अरुंद असेल तर त्या थेंबांनीच झटका येऊ शकतो. म्हणून थेंब घालण्यापूर्वी ‘मला संध्याकाळी अंधुक दिसते आणि दिव्याभोवती वलये दिसतात, आधी कोन पाहता का?’ एवढे वाक्य नम्रपणे पण निश्चित म्हणावे. चांगल्या डॉक्टरांना असे सांगितल्याचा राग येत नाही. दुसरी खबरदारी औषधांची. सर्दी, शिंका, प्रवासातली मळमळ आणि पोटातली कळ यांवरच्या कितीतरी साध्या गोळ्या बाहुली मोठी करतात. झोपेसाठी आणि मनाच्या ताणासाठी दिल्या जाणाऱ्या काही जुन्या गोळ्यांचाही तोच परिणाम होतो. तुम्हाला लिहून दिलेल्या गोळीचे नाव पत्रात नाही. ती आपल्या मनाने एकाएकी बंद करू नका, पण पाकीट बरोबर न्या आणि दाखवा. तपासणी होईपर्यंत दुकानातून सर्दीची गोळी मात्र परस्पर घेऊ नका.

कोन खरोखरच अरुंद निघाला, तर उपाय आहे आणि तो बहुधा सोपा आहे. लेझरने रंगीत पडद्याच्या कडेला एक बारीक छिद्र पाडतात, त्यामुळे अडलेल्या पाण्याला दुसरी वाट मिळते. काम काही मिनिटांचे असते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. काहींना भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणे, म्हणजे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसारखेच काम, अधिक उपयोगाचे ठरते. ते तपासणीनंतर ठरवायचे. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आणि म्हणूनच आज तुमची नजर 6/6 आहे ही माझ्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे.

माझी शंका चुकीचीही असू शकेल. म्हणून तपासणीला जाण्यापूर्वीचे दोन-तीन दिवस स्वतःच्या डोळ्यांकडे नीट लक्ष द्या आणि टिपून ठेवा. हिशेब लिहिणाऱ्या व्यक्तीला हे सांगावे लागू नये! अंधुक दिसू लागले की आधी एक डोळा तळहाताने झाकून पाहा, मग दुसरा. दोष एका डोळ्याचा आहे की दोन्ही डोळ्यांचा, हे या साध्या कृतीने कळते आणि तपासणीची अर्धी दिशा तिथेच ठरते. तरीही बहुतेक रुग्ण महिनोन्महिने हे करून पाहत नाहीत. नंतर जाड कागदाला दाभणाने बारीक भोक पाडून त्यातून पाहा. भोकातून स्वच्छ दिसले, तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबराचा असतो. काहीच फरक पडला नाही, तर कारण आणखी आत असू शकते. दहा-बारा वेळा डोळ्यांची उघडझाप केल्याने स्वच्छ होत असेल, तर डोळ्यांतला ओलावा कमी पडतो आहे. तुमच्या मुलाचे म्हणणे या बाबतीत अगदीच खोटे नाही, कारण मोबाइलच्या पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण खरोखरच निम्म्यावर येते. मात्र कोरड्या डोळ्याने भुवई जड होऊन उलटी होत नाही. खतावणीच्या आखलेल्या पानाकडे एकेका डोळ्याने पाहा : रेघा वाकड्या किंवा मध्येच पुसलेल्या दिसल्या, तर दोष डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यबिंदूत शोधावा लागतो. कुंकवाच्या डबीकडेही तसेच पाहा. एका डोळ्याने लालभडक आणि दुसऱ्याने विटकरी दिसत असेल, तर डोळ्याच्या नसेची तपासणी हवी.

आणखी एक टिपायची गोष्ट म्हणजे नेमके काय होते, त्याचा शब्द. ‘नीट दिसत नाही’ असे म्हणून आपण चार निरनिराळ्या तक्रारी एकाच पोत्यात भरतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे ही बहुधा रक्तदाबाची गोष्ट असते. एकाच्या दोन वस्तू दिसणे आणि एक डोळा झाकताच ते थांबणे हा डोळे फिरवणाऱ्या स्नायूंचा किंवा त्यांच्या नसांचा दोष असतो. डोळ्यांपुढे माश्या किंवा जाळी तरंगणे ही डोळ्यातल्या पारदर्शक गराची बाब असते, आणि धुके पसरल्यासारखे दिसणे हे आणखी वेगळे. डॉक्टरांसमोर बसल्यावर हाच फरक सर्वांत आधी सांगावा.

या विषयावर येणाऱ्या इतर पत्रांसाठीही इथेच थोडे लिहितो, कारण ‘कारण सापडत नाही’ ही तक्रार पुष्कळांची असते. महिन्या-दोन महिन्यांत चष्म्याचा नंबर बदलत असेल, तर तिसऱ्या काचा करण्याआधी रक्तातली साखर तपासावी. साखर वर-खाली झाली की डोळ्यातले भिंग फुगते आणि उतरते, आणि नंबरही त्याच्याबरोबर हलतो. तुमची साखर तपासून झाली आहे, हे चांगले झाले. क्षयरोगावरील उपचारात एथांब्युटॉल नावाची गोळी असते. ती चालू असताना दोन्ही डोळ्यांना पुसट आणि रंग फिके दिसू लागले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी उपचार देणाऱ्या डॉक्टरांना कळवावे, कारण ती वेळेवर थांबवली तर नजर बहुधा सावरते. वर्षानुवर्षे शुद्ध शाकाहार, त्यात दूधदुभतेही बेताचे, आणि जोडीला तंबाखू किंवा मिश्री, असे असेल तर बी-12 जीवनसत्त्व तपासण्यासारखे असते. वाकले किंवा एकदम उठले की काही सेकंद दोन्ही डोळ्यांना दिसेनासे होणे, डोके दुखणे आणि कानात नाडीच्या ठेक्याने आवाज येणे, हे वजन वाढलेल्या तरुण मुलींत दिसले, तर डोळ्याच्या पडद्यावर नसेला सूज आहे का ते पाहावे लागते. आणि एक मौजेची, पण खरी गोष्ट : महाशिवरात्रीला धोतऱ्याची फुले-फळे तोडून तोच हात डोळ्याला लावला, तर एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन एक-दोन दिवस जवळचे पुसट दिसते. अशा रुग्णाला हातात काय धरले होते, हे विचारले नाही, तर कितीही तपासण्या केल्या तरी कारण सापडायचे नाही. अर्थात ज्यांचा कोन अरुंद आहे त्यांच्यासाठी ही मौज नाही.

औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांविषयी मात्र मौजेने बोलता येत नाही. लाली जावी म्हणून दिल्या जाणाऱ्या कित्येक थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने दोन दिवसांत आराम पडतो, आणि तेच महिनोन्महिने चालू ठेवले तर डोळ्याचा दाब वाढतो व मोतीबिंदूही लवकर येतो. उसाचे पाते डोळ्याला लागले असेल, तर असा थेंब फारच घातक, कारण अशा जखमेत बुरशी वाढू शकते आणि स्टिरॉइडने तिला मोकळे रान मिळते. मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस हेही डोळ्यात घालू नये.

काही वेळा मात्र भेटीची वेळ घेऊन जाण्याइतकीही सवड नसते. एका डोळ्यावर कडेने पडदा सरकत येणे, एकाएकी विजा चमकणे आणि काळ्या ठिपक्यांचा पाऊस दिसणे, हा डोळ्याचा पडदा सुटत असल्याचा इशारा असू शकतो. काही मिनिटे एका डोळ्याने अजिबात दिसेनासे होऊन पुन्हा दिसू लागले, तर ‘आता बरे आहे’ म्हणून थांबू नये. तो पक्षाघाताआधीचा इशारा असू शकतो. अंधुक दिसण्याबरोबर तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे असेल, तर चष्मा-डोळा हा विचार बाजूला ठेवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तुमच्या बाबतीत असा प्रसंग म्हणजे मोठा झटका. डोळा लाल होऊन ठणकू लागला, दिसणे एकदम कमी झाले, ओकाऱ्या येऊ लागल्या, तर ते पित्त समजू नका आणि सकाळची वाट पाहू नका. डोके दुखले की आपण दिवा मालवून पडून राहतो. तुम्ही तसे करू नका, कारण अंधारात जागे राहिल्याने बाहुली आणखी मोठी होते. रात्री कितीही वाजले असले तरी जिथे डोळ्यांचे डॉक्टर उपलब्ध आहेत अशा रुग्णालयात जा आणि दारातच ‘काचबिंदूचा झटका असू शकतो’ असे सांगा. नाहीतर उलटीमुळे पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवले जाते आणि मोलाचे तास निघून जातात.

तुमचा शेवटचा प्रश्न मनाच्या खेळांचा. मनावरच्या ताणाने नजर मंदावल्याची उदाहरणे असतात आणि ते रुग्णही ढोंग करत नसतात. परंतु तो निष्कर्ष काढण्याआधी सगळ्या तपासण्या व्हायला हव्यात, आणि तुमची एक तपासणी अजून झालेली नाही. त्यातून, मनाचा ताण दिव्याभोवती वलये काढत नाही. तुमच्यावर ‘टेन्शन’ची चिठ्ठी चिकटवली गेली याचे मला वाईट वाटते. पन्नाशीतल्या बाईने काहीही सांगितले की ‘वय’ आणि ‘टेन्शन’ हे दोन शब्द आपल्याकडे फार चटकन पुढे येतात.

कुठे जावे, हेही सांगतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून मिळतो. तिथे आता पुन्हा जाण्याचे कारण नाही. आधीच्याच नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन गोनिओस्कोपी करता का, असे विचारलेत तरी चालेल. शक्य झाल्यास संध्याकाळची वेळ मागा आणि झटका चालू असतानाच पोहोचता आले तर उत्तमच, कारण तेव्हाचा दाब मोजला गेला तर प्रश्नच मिटतो. तिथे सोय नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील नेत्रविभाग गाठा. तुमच्या बाजूने मिरज किंवा पुण्याचे ससून सोयीचे पडेल. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबाबत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा. एकट्या जाऊ नका. बाहुली मोठी करणारे थेंब घातले गेले तर पुढचे चार-सहा तास स्वतः गाडी चालवता येत नाही. मुलालाच बरोबर घ्या, म्हणजे मोबाइलचा विषय डॉक्टरांसमोरच मिटेल.

बरोबर एमआरआयची मोठी पिशवी नेली नाही तरी चालेल, पण टिपणाचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि घरात सापडेल ती सर्वांत जुनी चष्म्याची चिठ्ठी आठवणीने न्या. तो लहानपणापासूनचा प्लस नंबर तिच्यावर लिहिलेला असेल, आणि कोनाकडे पाहावे असे डॉक्टरांना वाटायला तेवढा कागद पुरेसा होईल.